गाल कोणी पुढे करायचा? आमच्या पॅरिश कौन्सिलला खुलं पत्र

आदरणीय फादर आणि पॅरिश कौन्सिलचे सर्व सभासद,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी मिस्साला प्रवचन झालं ते मत्तयच्या पाचव्या अध्यायावर. उजव्या गालावर कोणी मारलं तर दुसराही पुढे करा. फादर, तुम्ही मनापासून बोललात, त्याबद्दल शंका नाही. पण मिस्सा सुटल्यावर कौन्सिलच्या दोन ज्येष्ठांनी दर्यात मोठ्या बोटवाल्यांचा मार खाऊन आलेल्या आमच्या पोरांना चिंचेखाली गाठलं आणि सांगितलं, की झालं ते झालं, पोलिसात जाऊ नका, त्या बाजूच्या दर्यात काही दिवस जाळी टाकू नका, वर देव आहे, तो बघून घेईल. त्यावर एक पोरगा पटकन बोलून गेला, "गाल आमचो, प्रवचन तुमचा!" त्याला लगेच गप्प केलं गेलं. देवळाच्या आवारात असं बोलू नये म्हणे.

माझ्या मते त्या दिवशी त्या आवारात सगळ्यात शुभवर्तमानाला धरून कोण बोललं असेल तर तो पोरगा. ते का, हे सांगायला हे पत्र.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. माझे वडील रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार. गावाचं नाव, बोटीचं नाव, कोणा माणसाचं नाव मी लिहीत नाही. मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधली एक वाडी, एवढं पुरे. उघडपणे लिहिते आहे कारण हीच चिंचेखालची कुजबुज किनाऱ्यावरच्या इतर पॅरिशमध्येही चालते, आणि ती तिथंच जिरते.

बाहेरच्या वाचकासाठी आधी प्रकरण थोडक्यात. 5 फेब्रुवारी 2016 च्या शासन आदेशानं पर्ससीन जाळ्याला राज्याच्या हद्दीत, म्हणजे किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांत, सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत दिली. पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याभोवती गोल टाकायचं मोठं जाळं. खालच्या कड्यांतून ओवलेला दोर यंत्रानं ओढला की बटव्यासारखं तोंड मिटतं आणि आतला बांगडा, तारली, सगळा थवाच्या थवा वर येतो. पिलंसुद्धा. वर जनरेटर लावून एलईडीचे झगझगीत दिवे पाण्यात सोडायचे म्हणजे मासा आपणहून गोळा होतो. त्या दिव्यांच्या मासेमारीवर केंद्रानं 2017 साली बंदी घातली. तरी जानेवारी उलटल्यावर रात्री आमच्या दारातून बघा, समोर शहर वसल्यासारखं दिसतं.

अशाच एका रात्री आमच्या पोरांची जाळी त्या बोटींनी तोडून नेली. दुसऱ्या दिवशी पोरं होडी घेऊन जाब विचारायला गेली. वरून शिव्या आल्या, मग बर्फाचे गोळे आले, मग बांबू आले. दोघांना टाके पडले. त्यातला एक माझ्या नात्यातला. त्याच्या भुवईवरचा टाका मी रोज बघते. जखम भरते आहे, पण तो डोळा आता माणसाकडे सरळ बघत नाही, खाली बघतो. मारानं जे होतं त्यातलं हे सगळ्यात वाईट, असं मला वाटतं.

त्यानंतर रात्री खुरसाकडे, म्हणजे वाडीतल्या क्रूसाकडे, पोरं जमायला लागली. पूर्वी तिथं लादीन, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, व्हायची, आता पेट्रोलची भाषा व्हायला लागली. एक बोट पेटवली की बाकीच्या आपोआप मागे हटतील, अशी. भाषाच झाली, कोणी काही पेटवलं नाही, हे इथं स्पष्ट लिहिते. आणि त्या भाषेच्या मी पूर्ण विरोधात आहे, हेही.

पोरांनो, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेलच, म्हणून चार ओळी तुमच्यासाठी. बोट पेटवली तर आत कोण झोपलेलं असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मालक बंदरात बंगल्यावर असतो. बोटीवर असतात ते नेपाळहून, ओडिशातून, झारखंडातून आलेले खलाशी, ज्यातल्या कित्येकांना पोहतासुद्धा येत नाही. तुमच्यावर बांबू उगारणाराही महिन्याच्या पगारावरचा गडी. 22 जानेवारी 1999 च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत झोपली होती, ती गाडी पेटवली गेली. आपल्या देवळांत त्या बापलेकांसाठी प्रार्थना झाल्या. झोपलेल्या माणसांभोवती आग लावणाऱ्यांच्या रांगेत आपण उभं राहायचं? दुसरी गोष्ट व्यवहाराची. तुमच्यातले निम्मे शिपवर जायची स्वप्नं बघता. अंगावर जाळपोळीची केस असली की पोलिसांचा दाखला नाही आणि पासपोर्टचं घोडं अडलं. पण ही भीती म्हणजे शुभवर्तमान नव्हे. भीतीपोटी हात न उचलणं हे शहाणपण असेल, ख्रिस्ताचं काम नाही.

आणि नेमकी इथंच माझी कौन्सिलशी तक्रार आहे. तुम्ही पोरांना दिलीत ती भीती, आणि तिला नाव दिलंत क्षमेचं.

फादर, तुम्ही सेमिनरीत शिकलात, मी डी.एड. केलेली बाई. तरी वचन हातात घेऊन बोलते. मत्तयमध्ये नुसता गाल नाही, उजवा गाल आहे. उजव्या हातानं समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचं तर तळहात चालत नाही, हाताची पाठ लागते. उलट्या हातानं मारतात ते बरोबरीच्याला नव्हे. मालक गुलामाला मारतो, वरचा खालच्याला मारतो, जागा दाखवायला. ज्यू कायद्याचं मिश्ना इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालं, त्यात थपडेला दंड 200 झूझ, म्हणजे चांदीची नाणी, आणि उलट्या हाताच्या थपडेला 400. लागतं कमी, तरी दंड दुप्पट, कारण तो अपमानाचा. अशा माणसानं खाली मान न घालता डावा गाल पुढे केला तर मारणाऱ्याची पंचाईत होते. आता मारायचं तर बरोबरीच्याला मारतात तसं मारायला हवं. पुढे दोनच ओळींवर मैलाची गोष्ट येते. रोमन शिपाई वाटेतल्या कोणालाही धरून ओझं वाहायला लावी. क्रूसाच्या वाटेत पाचव्या स्थानी आपण कुरेनेकर शिमोनासमोर गुडघे टेकतो ना, त्याला असंच धरलं होतं. येशू म्हणतो, एक मैल नेलं तर तू दोन जा. म्हणजे दुसऱ्या मैलावर हुकूम कोणाचा चालतो? ओझं वाहणाऱ्याचा.

गालाचा हा अर्थ सगळे अभ्यासक मान्य करत नाहीत, हे मला माहीत आहे. नका करू. त्याहून सरळ पुरावा योहानाच्या अठराव्या अध्यायात आहे आणि तो तुम्ही दरवर्षी गुड फ्रायडेला आम्हाला उभं करून वाचून दाखवता. येशूला रात्री प्रमुख याजकापुढे नेलेलं आहे, हात बांधलेले आहेत. त्यानं उत्तर दिलं म्हणून शेजारच्या एका शिपायानं त्याच्या थोबाडीत मारली. आता तुमच्या चिंचेखालच्या शिकवणीप्रमाणे त्यानं काय करायला हवं होतं? गप्प बसायला हवं होतं. तो गप्प बसला नाही. तो त्या शिपायाला म्हणाला, मी वाईट बोललो असेन तर काय वाईट ते सांग. बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस?

गाल पुढे करा सांगणाऱ्यानं स्वतःच्या थोबाडीत बसल्यावर हे केलं. शिवी दिली नाही, शाप दिला नाही, हात तर बांधलेलेच होते. पण प्रश्न विचारला, तोही भरल्या कचेरीत, मारणाऱ्याच्या तोंडावर. मारणाऱ्याला प्रश्न विचारणं म्हणजे त्याला माणूस समजणं. तू विचार करू शकतोस, तुला कारण द्यावं लागेल, असं त्याला सांगणं. पेट्रोल टाकणारा हे करत नाही आणि "देव बघून घेईल" म्हणणाराही करत नाही. दोघांच्याही हिशेबात समोरचा माणूस सुधारण्यापलीकडे गेलेला असतो.

आमची पोरं होडी घेऊन गेली ती हाच प्रश्न विचारायला. पेट्रोल नंतर आलं. प्रश्न विचारायला गेली तेव्हा ती एकटी होती. हे लक्षात घ्या.

पोलिसात जाऊ नका, झाकून मिटवू, याविषयी आता प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. फिलिप्पैला पौल आणि सीला यांना चौकशीशिवाय भर बाजारात छड्यांनी फोडून काढलं आणि पाय खोड्यात अडकवले. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला, सोडून दिलंय, जा गुपचूप. पौल गेला नाही. म्हणाला, आम्ही रोमन नागरिक, आम्हाला चौकशीशिवाय उघड्यावर मारलंत आणि आता गुपचूप बाहेर काढता? ते चालणार नाही. त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. आले की हो ते! घाबरत आले आणि विनवण्या करत आले. त्याच रात्री हाच पौल पळून न जाता तुरुंगाच्या नायकाचा जीव वाचवतो, त्या नायकाच्या घरी जेवतो. एका हातानं शत्रूचा जीव वाचवायचा आणि दुसऱ्या हातानं अधिकाऱ्याकडून जाब घ्यायचा, दोन्ही रात्र ते सकाळ एवढ्याच वेळात. आपल्या कौन्सिलला मात्र या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात वाटतात.

क्षमा केली म्हणजे तक्रार करायची नाही, हे आपल्याकडे कुठून आलं मला कळत नाही. ग्लॅडिस स्टेन्स बाईंनी नवरा आणि दोन पोरं गेल्यावर क्षमा केली, जाहीरपणे केली, आणि बारिपद्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमाचं काम चालू ठेवलं. म्हणून खटला थांबला नाही. तो चालला, मुख्य आरोपीला शिक्षा झाली, 2011 साली सर्वोच्च न्यायालयानं त्याची जन्मठेप कायम केली. सिस्टर राणी मारियांचंही बघा. मध्य प्रदेशात उदयनगरच्या भागात आदिवासींना सावकारीतून सोडवायचं काम करत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 ला धावत्या बसमध्ये सगळ्या प्रवाशांदेखत त्यांना भोसकून मारलं. मारणाऱ्याला जन्मठेप झाली. पुढे राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी, तुरुंगात गेली आणि त्या मारेकऱ्याच्या, समंदर सिंगच्या, हातावर राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरला राणी मारियांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं, तेव्हा तो माणूस त्या सोहळ्याला हजर होता.

आपण ही राखीची गोष्ट सांगतो, डोळे पुसतो आणि तिचा आधीचा अर्धा भाग गाळतो. राणी मारिया मेल्या कशामुळे? त्या सावकारांच्या आड आल्या म्हणून. त्या गप्प बसल्या असत्या तर आज म्हाताऱ्या होऊन कुठल्या कॉन्व्हेंटच्या बागेत असत्या. राखी बांधायचा अधिकार सेल्मीला मिळाला तो तिच्या बहिणीनं अन्यायासमोर पाठ फिरवली नाही म्हणून. आपण आधी पाठ फिरवायची आणि मग राखी बांधायची म्हटलं, तर ती राखी सावकाराच्या हातावर सावकाराच्याच सोयीची.

कौन्सिलमधल्या एका सभासदानं उलट बाजूनं मला कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीचं पुस्तक, वाचून दाखवला. परिच्छेद 2265. दुसऱ्यांच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याला बचाव हा हक्कच नव्हे तर गंभीर कर्तव्य ठरू शकतं. बरोबर आहे, तसंच लिहिलंय. उद्या कोणी माझ्या घरात घुसून नातवावर कोयता उगारला तर मी हातात येईल ते घेईन, आणि ते पाप म्हणून कबूल करायला तुमच्याकडे येणार नाही. पण तो बचाव त्या क्षणाचा. चार दिवसांनी, अंधारात, झोपलेल्या माणसांवर, हा बचाव कुठल्याही परिच्छेदात बसत नाही. मंदिरातला बाजार उठवताना येशूनं हातात घेतलेला आसूडही मला दाखवला जातो. आसूड फक्त योहान सांगतो, आणि तोही मेंढरं-बैल हाकलण्याच्या संदर्भात. सराफांची चौरंगं उलटली, डोकं कोणाचं फुटलं नाही. आणि ते सारं भर दिवसा, सगळ्यांसमोर, नाव लपवल्याशिवाय. ज्याला आसूड पटतो त्यानं निदान दिवसाउजेडी तरी यावं.

एक प्रश्न मात्र मला खरोखर सतावतो आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. डीट्रिख बोनहोफर जर्मनीतला पाळक. डोंगरावरच्या प्रवचनावर, ज्यात हे गालाचं वचन येतं, त्याच्याइतकं जीव ओतून फार थोड्यांनी लिहिलं असेल. तोच पुढे हिटलरच्या विरोधातल्या कटात सामील झाला आणि 9 एप्रिल 1945 ला फासावर गेला. त्यानं हे योग्यच केलं असं म्हणवत नाही, चूक केली म्हणायची माझी प्राज्ञा नाही. एवढंच बघते, की तो त्या टोकाला पोचण्याआधी वर्षानुवर्षं उघड बोलला होता, चर्चनं गप्प बसू नये म्हणून भांडला होता, आणि त्याच्या बाजूनं उभे राहणारे पाळक फार थोडे होते. बोलायची वाट बंद होत गेली की माणूस कुठं जातो, हे त्यातून दिसतं. आमची पोरं बोनहोफर नव्हेत, पण चिंचेखाली त्यांचीही बोलायची वाट बंद झालीच.

आणखी एक, कारण हे आपल्यापैकी कोणी बोलत नाही. आपल्या चर्चचा या किनाऱ्यावरचा इतिहास गाल पुढे करणाऱ्यांचा नाही. गोव्यात 1560 ला इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचा आरोप ठेवून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं आणि मधला थोडा काळ सोडला तर 1812 पर्यंत चाललं. हिंदूंची देवळं पाडली गेली, माणसं जाळली गेली, येशूच्याच नावानं. आपल्या शेजारच्या गाबीत, म्हणजे हिंदू मच्छीमारांच्या, वाड्यात जाऊन आपण अहिंसा सांगायला लागलो तर ते हसणार नाहीत, कारण ती माणसं सभ्य आहेत. पण आपल्याला ठाऊक असावं. म्हणून आपण उपदेश कमी आणि सोबत जास्त करावी, असं माझं म्हणणं. जाळी त्यांचीही तुटलीत.

सोबत हा शब्द आला, तर फादर, आता थेट तुमच्याशी बोलते. याच कोकणपट्टीत, वर वसईला, फादर फ्रान्सिस दिब्रिटो होऊन गेले. 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्रानं त्यांना ओळखलं, पण वसईकर त्यांना त्याआधीपासून ओळखत होते ते हरित वसई संरक्षण समितीमुळे. पाणी, शेतजमीन, बिल्डर आणि गुंडगिरी यांच्या विरोधात माणसं रस्त्यावर उतरली, हातात दगड न घेता उतरली, आणि फादर त्यांच्या पुढे चालले. धमक्या आल्या. ते चालत राहिले. 25 जुलै 2024 ला ते गेले तेव्हा त्यांना निरोप द्यायला सगळ्या धर्मांची माणसं होती. त्यांनी "मारू नका" सांगितलं तर लोक ऐकत, कारण मार पडलाच तर पहिला त्यांना पडेल हे लोकांना दिसत होतं.

तुम्ही सांगितलंत तेव्हा पोरांनी ऐकलं नाही. तुमचा आवाज कमी पडला नाही. तुम्ही अल्तारावर उभे होता आणि ती मारात.

टाके पडलेल्या एका पोराच्या आईनं मला विचारलं, "बाय, झिलाक मारीत होते तेव्हा ह्ये सगळे खय होते?" मी काय सांगणार होते? कौन्सिलची बैठक फेस्ताच्या, म्हणजे देवळाच्या सणाच्या, ऑर्केस्ट्र्याविषयी होती असं?

तेव्हा माझं मागणं ऐका. ते मोठं नाही, पण थोडं अडचणीचं आहे.

पोलीस ठाण्यात तक्रार अजून नोंदवलेली नाही. ती पोरांनी एकट्यानं जाऊन नोंदवायची नाही. एकटं गेलं की काय होतं ते आपण सगळे जाणतो: तुम्हीच आधी शिवीगाळ केली असेल, उद्या या, साहेब नाहीत. फादर, झगा घालून तुम्ही सोबत जायचं, कौन्सिलचा अध्यक्ष सोबत, आणि वाड्यातला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, तोही. चार वयस्कर माणसं बाकड्यावर बसून राहिली की "उद्या या" म्हणणं जड जातं. दवाखान्याचे कागद माझ्याकडे फाईल करून ठेवलेत.

मत्स्यव्यवसाय खात्याकडेही लेखी जायचं. 1981 चा मासेमारी नियमनाचा कायदा 2021 मध्ये दुरुस्त झाला. पूर्वी निवाडा तहसीलदाराकडे असायचा आणि त्यांच्या टेबलावर सातबाऱ्याच्या गठ्ठ्याखाली आपला कागद दबायचा. आता तो खात्याच्याच अधिकाऱ्याकडे आलाय आणि दंड लाखांत गेलाय. पण अधिकारी पुरावा मागतो. पोरांच्या सगळ्यांच्या हातात मोबाईल आहे. बोटीचा नोंदणी क्रमांक दिसेल असा फोटो, तारीख, वेळ आणि जीपीएसवरची जागा. रोज रात्री खुरसाकडे जमताच आहात तर एक वही घाला आणि रोजची नोंद करा. पेट्रोलपेक्षा त्या वहीला मालक जास्त घाबरेल. बोटीचा विमा उतरवता येतो, परवाना गेला तर तो कुठल्या कंपनीतून परत मिळणार?

मग दर्यात जायचं. हो, जायचं. त्या बाजूला जाळी टाकायची नाही असं सांगणाऱ्यांनी दर्या कोणाच्या नावावर करून दिला ते आधी सांगावं. पण जायचं ते दिवसा, सगळ्या होड्या मिळून, आपल्या आणि गाबीत वाड्यातल्या, किनारा पोलिसांना आणि खात्याच्या गस्ती नौकेला आधी लेखी कळवून. होडीत कोयता नको, दगड नको, बाटली तर नकोच, दोन्ही प्रकारची. पुढच्या होडीत फादर. तुम्हाला बोट लागते, माहीत आहे मला, गेल्या सहलीत बघितलंय. गोळी घ्या आणि या. वरून शिव्या येतील, कदाचित बर्फही येईल. तिथं काय बोलायचं ते योहानानं लिहून ठेवलंय: आमचं काही चुकलं असेल तर सांगा, नसेल तर जाळी का तोडता? त्याच्या पुढं एक शब्द नाही. आणि त्या खलाशांसाठी कळशीभर पाणी आणि जेवण घेऊन जाऊ या. तुझा शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला घाल, असं पौल रोमकरांना लिहितो. ते मी भाबडेपणानं म्हणत नाही. त्या पोरांना बोटीवर काय खायला मिळतं ते आमच्या पोरांनीच मला सांगितलंय. घरापासून दोन हजार किलोमीटरवर असलेल्या माणसाला कोणी गरम भात दिला की पुढच्या वेळी बांबू उचलताना त्याचा हात क्षणभर तरी अडखळतो. नाही अडखळला, तरी आपण भात दिलाच पाहिजे.

याची किंमत पडेल. कोणाला पुन्हा टाके पडू शकतात. पोरांना हे आधी सांगायचं, लपवायचं नाही, आणि ज्याला झेपणार नाही त्यानं किनाऱ्यावर राहावं. त्याला भित्रा म्हणायचं नाही. अहिंसेनं सगळं सुरळीत होतं असं मी कुठंच म्हटलेलं नाही. येशूच्या प्रश्नाला त्या शिपायानं उत्तर दिल्याचं योहान लिहीत नाही, आणि पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. पुढच्या गुड फ्रायडेला सुद्धा पर्ससीन तिथंच असण्याची शक्यता जास्त.

शेवटचं पैशांचं. तुटलेली जाळी घ्यायला पोरांनी कर्ज काढलंय. मारानं माणूस जितका बिथरत नाही तितका हप्त्यानं बिथरतो. फेस्ताचा फंड कौन्सिलच्या खात्यात आहे. यंदा ऑर्केस्ट्रा आणि फटाके नकोत. जाळी घ्यायला ती रक्कम द्या, आपल्या पोरांना आणि गाबीत वाड्यातल्या ज्यांची जाळी गेली त्यांनाही, सारख्या हिशेबानं. संत आपल्यावर रुसणार नाहीत. काही दाते रुसतील, त्यांची समजूत मी काढते, निम्मे माझे विद्यार्थी आहेत.

उपवासकाळ सुरू झालाय. येत्या शुक्रवारी क्रूसाच्या वाटेनंतर बैठक बोलवा, चिंचेखाली नव्हे, हॉलमध्ये, आणि तिथं पोरांना आधी बोलू द्या. त्या दोघांना तर पुढच्या खुर्चीवर बसवा. तक्रारीचा मसुदा मी लिहून आणते. खाली सह्यांसाठी जागा सोडली आहे, त्यात पहिली ओळ फादरांची, दुसरी अध्यक्षांची, आणि पोरांच्या सह्या त्यांच्या खाली.

आपली नम्र,
वाडीतली एक निवृत्त शिक्षिका